यंत्राच्या माथी मारलेला दोष

घरच्या घरी बिअर करणाऱ्या मंडळींत अलीकडे एक मत इतके रूढ होऊन बसले आहे, की त्याच्याविरुद्ध चकार शब्द काढणाऱ्यास हेकट आणि कालबाह्य ठरवून निकालात काढले जाते. ते मत असे : विजेवर चालणारे, एकाच पोलादी पिंपात पाणी तापवण्यापासून हॉप्स उकळण्यापर्यंतचे सारे काम उरकणारे यंत्र एकदा विकत घेतले, म्हणजे मॅशची, अर्थात भरडलेले मॉल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले सातूसारखे धान्य, गरम पाण्यात तास-दीड तास मुरवून त्यातील पिष्टाची साखर करून घेण्याच्या त्या मूळ क्रियेची, चिंता मिटली, आकडा दाबावा, झाकण घालावे आणि घंटा वाजेपर्यंत खुशाल दुसऱ्या उद्योगाला लागावे. या मताला जोडूनच दुसरे मत येते. एवढे करूनही मॅश अडकला, साखर कमी उतरली किंवा पिंपाचा तळ करपला, तर दोष यंत्राचा. ते मिळेल त्या किमतीला विकावे आणि त्याहून मोठे, अधिक जोरकस पंपाचे यंत्र आणावे. पहिल्या मताने करणाऱ्याची मेहनत माफ केली, दुसऱ्याने त्याची जबाबदारी माफ केली, आणि या दुहेरी माफीपायी एक उत्तम हस्तव्यवसाय आमच्या डोळ्यांदेखत बटण दाबण्याच्या पातळीवर उतरत चालला आहे. मला ही दोन्ही मते समूळ चुकीची वाटतात, आणि ती का चुकीची आहेत हे तपशिलाने सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

मी लंडनच्या वायव्य उपनगरात राहतो आणि गेली बारा वर्षे स्वयंपाकघरातच बिअर करतो. ब्रिटनमध्ये १८८० साली पंतप्रधान ग्लॅडस्टनने मॉल्टवरचा कर उठवून बिअरवर अबकारी बसवली, तेव्हापासून घरगुती बिअरलाही परवाना लागत असे; ती अट १९६३ साली रेजिनल्ड मॉडलिंग अर्थमंत्री असताना रद्द झाली. महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्याचा अंमल असल्यामुळे परवान्यावाचून हे करणे गुन्हा आहे. तेव्हा पुढील विवेचन जिथे कायद्याची मुभा आहे अशा मुलुखात राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी आहे, आणि अशी मंडळी आता थोडीथोडकी राहिलेली नाहीत.

मागल्या हिवाळ्यात एके संध्याकाळी अशाच एका परिचितांचा दूरध्वनी आला. निम्मा गहू घालून केलेला त्यांचा मॅश अर्ध्या तासात ठार अडकला होता आणि ते संतापाने म्हणत होते, "अहो, हे यंत्रच भिकार निघालं. उद्या विकून टाकतो." मी तसाच त्यांच्याकडे गेलो. झाकण काढले तेव्हा धान्याच्या थरावर चार बोटे गढूळ पाणी तुंबलेले होते आणि ते मधल्या उभ्या नळीतून गुडगुड आवाज करीत, धान्याला स्पर्शही न करता, थेट तळाशी पडत होते. पंपाची तोटी सताड उघडी होती. दर्शनी पटावर ६७ अंशांचा आकडा स्थिर होता. मी माझा सळईचा थर्मामीटर धान्याच्या मधोमध खुपसला, तर तो ६१ अंशांवर येऊन थांबला. मग पिशवीत उरलेली मूठभर भरड तळहातावर घेतली. ती बोटांना मैद्यासारखी लागत होती, आणि तुसाचा अखंड असा एकही पापुद्रा तीत सापडेना. यात यंत्राने कोणता अपराध केला होता? तळाशी बसवलेल्या तापमापकाभोवतीचे पाणी ६७ अंशांवर ठेवण्याचा हुकूम त्यास मिळाला होता, तो त्याने तंतोतंत पाळला. पाणी वर चढवण्याचा हुकूम मिळाला होता, तोही पाळला. धान्याची स्थिती पाहण्याचा हुकूम त्यास कोणी दिला नव्हता, आणि देता येतही नाही.

आधी भरडीचेच घेऊ, कारण बहुतेक फजितीचे मूळ तेथे असते. जितके बारीक दळावे तितकी साखर अधिक, असा एक समज फार पसरलेला आहे, आणि केवळ रसायनाच्या दृष्टीने पाहिले तर त्यात तथ्यही आहे. परंतु मॅश म्हणजे केवळ रसायन नव्हे, ती गाळणीही आहे, आणि या यंत्रांत तर एक-दीड तास सतत चालणारी गाळणी आहे. जाळीच्या तळाच्या टोपल्यात हातभर उंचीचा धान्याचा थर असतो आणि पंपाने वर नेलेला गोड रस, ज्याला वर्ट म्हणतात, तो त्या थरातून झिरपत खाली यावा अशी सारी योजना असते. त्या थराला पोकळी देते कोण? जाळी देत नाही. सातूच्या दाण्याचे तूस देते. तूस अखंड राहिले की दाण्यादाण्यांत वाट राहते. ते चुरगळले की पीठ आणि चुरा मिळून चिखल होतो, आणि चिखलातून पाणी झिरपत नाही हे भाताच्या खाचरात पाय घातलेल्या कोणाही कोकण्याला शिकवावे लागू नये. म्हणून रुळांच्या चक्कीतील फट या यंत्रांसाठी सव्वा मिलिमीटरच्या आसपास ठेवावी. दळण्यापूर्वी दहा मिनिटे पाच किलो मॉल्टवर शंभर मिलिलिटर पाणी शिंपडून हाताने नीट कालवावे, म्हणजे तूस लवचिक होते आणि आतला दाणा फुटला तरी ते स्वतः फाटत नाही. साखरेत दोन-तीन टक्क्यांची घट येईल. ती सोसावी. शेवटी अडकलेल्या मॅशमधून जी शंभर टक्के साखर मिळायची असते, ती कोणाच्या पेल्यात पडते?

गव्हाला तूस नसतेच. राय आणि सोललेले ओट यांचीही तीच गत, शिवाय त्यांच्यातील चिकट द्रव्यामुळे वर्ट काढ्यासारखा दाट होतो. असे धान्य निम्मे घालणाऱ्याने दर पाच किलोंमागे पाव किलो भाताचे किंवा ओटचे तूस धुऊन मिसळले पाहिजे. आमच्या गावी भातगिरणीच्या मागे तुसाचे डोंगर पडलेले असत. इथे मी ते दुकानातून वजनावर विकत आणतो, आणि त्या खर्चाचे मला कधी वाईट वाटलेले नाही.

भरड पाण्यात घालण्याची रीतही अशीच उपेक्षित. सगळी पिशवी एकदम उपडी करावी आणि दोनदा ढवळून झाकण घालावे, असे सांगणारे लोक घरी पिठले करताना असे करतात काय? उकळत्या पाण्यात बेसन एका हाताने पेरावे आणि दुसऱ्या हाताने ढवळत राहावे, नाही तर गुठळ्या होतात आणि गुठळीच्या आतले पीठ कोरडेच राहते, हे ज्यांच्या अंगवळणी पडले आहे, तेच पाच किलो भरडीच्या बाबतीत हा नियम का विसरतात हे मला कळत नाही. मॅशमधील कोरडी गुठळी म्हणजे पिष्ट जसेच्या तसे फुकट गेले. भरड पेरावी लागते. चार-पाच हप्त्यांत घालावी आणि लांब दांड्याच्या डावाने प्रत्येक वेळी तळापर्यंत हलवावी. पाण्याचे मानही ठरवून घ्यावे. माझ्या यंत्राच्या पुस्तिकेत दर किलो धान्याला २.७ लिटर आणि वर ३.५ लिटर असा हिशेब आहे, म्हणजे पाच किलोंना सतरा लिटर. तो मी डोळे झाकून पाळत नाही, गहू असला की लिटरभर वाढवतो, पण हिशेबावाचून पाणी ओतत नाही.

आता प्रवाहाचा मुद्दा, आणि येथे मला थोडे अधिक थांबले पाहिजे, कारण सर्वांत घातक सल्ला याच बाबतीत दिला जातो. मॅश अडकला की पंपाचा जोर वाढवा, असे सांगितले जाते. ज्या थरातून मिनिटाला दोन लिटर झिरपू शकतात त्याच्या खालचे पाणी मिनिटाला पाच लिटर या वेगाने उपसले, तर काय होईल? थराखाली पोकळी होते, वरच्या पाण्याचा भार धान्यावर पडतो, थर दबून घट्ट बसतो, आणि मग दोन लिटर झिरपत होते तेही झिरपेनासे होतात. जोर वाढवण्याने फास सैल होत नाही, आवळतो. त्यातच या यंत्रांत वर तुंबलेल्या पाण्याला वाट देण्यासाठी मध्ये उभी नळी ठेवलेली असते. ती सुरक्षेसाठी आहे. परंतु ती नळी पाणी खाली नेत राहते म्हणून बाहेरून पाहणाऱ्याला सारे सुरळीत चालले आहे असे वाटते, आणि वस्तुतः वर्ट धान्याला वळसा घालून नुसताच फेऱ्या मारीत असतो. त्याच्याबरोबर पिठाचे कणही खाली जातात, तापलेल्या तळावर बसतात, करपतात; आणि थराखालचे पाणी फारच कमी झाले तर तळ उघडा पडून यंत्र स्वतःच वीज तोडते. त्या वेळी मंडळी म्हणतात, यंत्र बंद पडले. वस्तुतः यंत्राने शेवटचा इशारा दिलेला असतो. त्याआधीचे इशारे झाकणाखाली दिले गेले आणि झाकण उघडून ते कोणी पाहिले नाहीत.

खरी रीत साधी आहे आणि तिला फक्त धीर लागतो. भरड घातल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटे पंप लावूच नये; धान्य भिजू द्यावे, थर बसू द्यावा. मग तोटी पाव भाग उघडावी. धान्यावर बोटभर पाणी उभे राहावे, पण ते उभ्या नळीच्या तोंडापर्यंत चढू नये, एवढ्या बेताने तोटी हळूहळू वाढवावी किंवा आवळावी. नळीतून पाणी पडल्याचा आवाज आला की पंप कमी करावा; हा आवाज कान देऊन ऐकण्यासारखा आहे, आणि एकदा ओळखीचा झाला की पलीकडच्या खोलीतूनही ओळखू येतो. इतके करूनही अडकला तर पंप आणि ताप दोन्ही बंद करावे, थर खालपासून हळुवार मोकळा करावा, दहा मिनिटे जाऊ द्यावीत आणि पुन्हा पाव तोटीपासून आरंभ करावा.

तापमानाच्या बाबतीत दर्शनी आकड्यावर जी श्रद्धा ठेवली जाते, तिला आधार कोणता? सतरा लिटर पाणी ६७ अंशांवर आणून त्यात हिवाळ्यातील थंड खोलीतले पाच किलो धान्य घातले, की मिश्रण ६१-६२ अंशांवर येते, हा साध्या त्रैराशिकाचा निष्कर्ष आहे. पुढे तळाचे पाणी यंत्र लगेच तापवते आणि आकडा पुन्हा ६७ दाखवू लागतो. पण थराच्या मध्यभागी ती उष्णता पोहोचते ती झिरपणाऱ्या वर्टच्याच पाठीवर बसून, आणि प्रवाह मंद किंवा वळसा घालून गेलेला असेल तर ती तेथे पोहोचतच नाही. मॉल्टमधील दोन पाचक द्रव्यांपैकी एक ६० ते ६५ अंशांत जोमाने काम करून यीस्टला सहज पचणारी साखर करते, दुसरे ७० अंशांच्या आगेमागे काम करून बिअरला अंग देणारी, न आंबणारी द्रव्ये ठेवते. पाच अंशांच्या फरकाने बिअरची प्रकृतीच बदलते. भरीव बिअर योजावी आणि हाती पाणचट यावी, हे ज्यांच्या बाबतीत वारंवार घडते त्यांनी धान्यात थर्मामीटर किती वेळा घातला याचे उत्तर स्वतःशी द्यावे. मी पाणी ७२ अंशांपर्यंत तापवून मगच भरड घालतो, आणि दर पंधरा मिनिटांनी थराच्या तीन जागी माप घेतो.

"हे सगळे पुस्तकी आहे, शेकडो वर्षे लोकांनी मोजमापाशिवाय बिअर केलीच ना?" हा प्रश्न माझ्या तोंडावर अनेकदा टाकला गेला आहे. पूर्वजांची साक्ष काढणाऱ्यांनी निदान ती साक्ष नीट वाचावी. थर्मामीटर नव्हता तेव्हा इंग्लंडातील ब्रूअर उकळते पाणी टाक्यात ओतून वाफ विरेपर्यंत आणि पाण्यात आपला चेहरा दिसेपर्यंत थांबत असे. हे पाहणेच होते, मोजणेच होते, फक्त उपकरण डोळा होते. थर्मामीटर हाती येताच लंडनच्या मायकेल कॉम्ब्रून यांनी १७६२ मध्ये त्याच्या आधारावर ब्रूइंगच्या विद्येचा ग्रंथ रचला. १७८४ मध्ये जॉन रिचर्डसन यांनी वर्टची घनता मोजण्याची रीत सिद्ध केली, आणि १८८० नंतर तर त्या घनतेवरच सरकारची अबकारी आकारली जात होती, म्हणजे मोजमापातील चूक थेट गल्ल्यातून वसूल होई. मॉल्टमधले पाचक द्रव्य १८३३ मध्ये पायाँ आणि पेर्सो या दोघा फ्रेंच शास्त्रज्ञांनी वेगळे काढले. पीएचचे माप १९०९ मध्ये सोरेनसन यांनी दिले, आणि ते दिले कोठून? कोपनहेगनमधील कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेतून. ज्या मोजमापाला आज पुस्तकी म्हणून हिणवले जाते त्यातले कितीतरी या धंद्याच्या गरजेतून जन्मले आहे. आणखी एक गोष्ट विसरली जाते. जुन्या ब्रूअरच्या टाक्यात खंडोगणती धान्य असे, तेवढ्या राशीची ऊब तासाभरात फारशी उतरत नाही. आमच्या पातळ पत्र्याच्या पिंपात पाच किलो असते. चूक पचवण्याची ताकद त्या राशीत होती, आमच्यात नाही.

आणि खुद्द आपल्या घरातली साक्ष का काढू नये? माझी आजी बाळासाठी पेज करताना साध्या नाचणीच्या पिठाची पेज दाट होऊ लागली की मोड आणून वाळवून दळलेल्या नाचणीचे चमचाभर पीठ तीत घाली आणि ढवळत राही. बघता बघता पेज पातळ होई आणि गोडसर लागे. ती उकळत्या पेजेत ते पीठ कधी घालीत नसे, विस्तवावरून उतरवून, थोडी निवू देऊन घाली. उकळीत घातले तर गुण जातो, एवढे तिला ठाऊक होते. मॅश म्हणजे हीच क्रिया. थर्मामीटर तिच्यापाशी नव्हता, पण पातेल्यासमोरून ती हलत नसे.

पाण्याविषयी थोडक्यात सांगतो. लंडनचे पाणी कठीण. किटलीच्या तळाला महिन्याभरात पांढरा थर धरतो. या पाण्यातील क्षारता गडद भाजलेल्या मॉल्टच्या आम्लतेने भागते, म्हणून या शहराने पोर्टर नावाची काळी बिअर जगाला दिली. त्याच पाण्यात नुसते फिकट मॉल्ट घातले तर पीएच ५.८ च्या पुढे राहतो, पाचक द्रव्ये मंदावतात आणि तुसातला तुरटपणा बिअरमध्ये उतरतो. वर्टचा नमुना खोलीच्या तापमानाला निववून पीएच ५.२ ते ५.५ च्या दरम्यान आहे की नाही ते पाहावे आणि त्यानुसार थोडे लॅक्टिक आम्ल घालावे. दोन मिनिटांचे काम आहे. यंत्र कितीही महाग असले तरी नळाचे पाणी बदलून देत नाही.

राहता राहिला शेवटचा युक्तिवाद, की मॅशमध्ये कमीजास्त झाले तरी यीस्ट सगळे निस्तरते. यीस्ट साखर खाते. पिष्ट खात नाही, करपलेला वास खात नाही, तुरटपणा खात नाही. आजचे मॉल्ट फार उत्तम प्रतीचे येते आणि पुष्कळ चुका पोटात घालते, एवढे मी मान्य करतो. त्यापलीकडे एक शब्दही मान्य करणार नाही. पिष्टाची साखर झाली की नाही हे पाहायला पांढऱ्या बशीत वर्टचा एक थेंब आणि त्यावर आयोडीनचा एक थेंब एवढे पुरते. निळा-काळा रंग आला तर काम अपुरे. घड्याळात तास भरला असला तरी अपुरे.

तेव्हा यंत्र विकायला काढणाऱ्या प्रत्येकाला माझे निक्षून सांगणे आहे : आधी उरलेली भरड आणून दाखवा, धान्याच्या मधोमध किती अंश होते ते सांगा, तोटी किती उघडी होती ते सांगा, बशीतला थेंब कोणत्या रंगाचा झाला ते सांगा. या चार गोष्टींचा जबाब ज्याच्यापाशी नाही, त्याची यंत्राविरुद्धची फिर्याद मी दाखल करून घेणार नाही. उष्णता देणे आणि पाणी फिरवणे, एवढ्याच कामासाठी ते यंत्र घडवले आहे. मॅश सांभाळणे हे त्याच्यासमोर उभ्या असलेल्या माणसाचे काम आहे, आणि ते काम पिंपाच्या किमतीबरोबर विकत मिळत नाही.

त्या संध्याकाळी आम्ही पंप बंद केला. मी बरोबर नेलेले पाव किलो तूस गरम पाण्याने धुऊन त्या चिखलात कालवले, तळापासून सावकाश हलवले आणि पंधरा मिनिटे दोघेही नुसते बसून राहिलो. मग पाव तोटी. पहिल्यांदा काहीच हलेना. त्यांनी दोनदा हात तोटीकडे नेला, मी दोनदा थांबवला. वीस मिनिटांनी वरचे पाणी बोटभर उतरले, नळीची गुडगुड थांबली, आणि थरातून येणारा वर्ट गढूळ होता तो निवळत निवळत मधासारखा स्वच्छ दिसू लागला. धान्यातला थर्मामीटर ६३, ६५ करीत सव्वा तासाने ६७ वर आला. रात्री साडेअकराला बशीतला आयोडीनचा थेंब तपकिरीचा तपकिरीच राहिला. घनता १.०४८ हवी होती, १.०४४ मिळाली. यंत्र तेच होते, आणि अजून त्यांच्याच ओट्यावर आहे.